जिथे चेकर बघत नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — सविताला तर नाहीच.

आधी एक मान्य करा, मी कामात पक्की बाई आहे. निपाणीच्या आसपासच्या गावांत रोज सकाळी काट्यावर दूध मोजलं जातं आणि शेतकऱ्याच्या नावाची पावती निघते, ती अनगोळमधल्या आमच्या छोट्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून. ते मी उभं केलं. मला त्याचा अभिमान आहे, आजही. टाइप चेकर आणला तोही मीच. कोड न चालवता, नुसता वाचून तो सांगतो — इथे आकडा हवा होता, तुम्ही मजकूर दिलाय. चूक दिसली की लाल ओळ. लाल ओळ ठेवून घरी जायचं नाही, हा माझा नियम.

ग्राहकांना काम दाखवायचं होतं त्या दिवशी काट्याच्या कोडमध्ये काही लाल ओळी उरल्या होत्या. सोडवायला वेळ नव्हता. की मला लाल ओळींचा आकडा फक्त शून्य दिसायला हवा होता?

काटा बनवणाऱ्यांचं एक तयार फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, आम्ही वापरत होतो. त्याच्या आत चेकरला बघता येत नव्हतं, त्यामुळे ते कसं वागतं हे आम्हीच त्याला लिहून द्यायचं. मी लिहिलं — हे फंक्शन कधी परतच येत नाही, प्रोग्रॅम तिथेच थांबतो. खोटं होतं. पण चेकर दिल्या शब्दावर चालतो. परत येत नाही, म्हणजे त्याच्या खालच्या ओळींपर्यंत कोणी पोचणार नाही. आणि जिथे कोणी पोचत नाही तिथे तो तपासत नाही. तसं सांगतही नाही. लाल ओळी गेल्या. प्रोग्रॅम मात्र पूर्वीसारखाच त्या ओळींपर्यंत जात राहिला. मला टाळ्या मिळाल्या. नंतर काढू म्हटलं — काढलं का?

काही महिन्यांनी आमच्या टीममधल्या सविताने शेतकऱ्यांचे क्रमांक आकड्याऐवजी मजकूर म्हणून ठेवले, सुरुवातीचं शून्य गळू नये म्हणून. कडोलीची पोर, हुशार. बदल बरोबरच होता. पण काट्याच्या फंक्शनखालच्या त्या ओळी अजून आकडाच शोधत होत्या. चेकरने तिथे बोट ठेवायला हवं होतं. तो गप्प बसला. सकाळी सगळ्या पावत्या बिननावाच्या निघाल्या, आणि संकलन केंद्रावर लोक आमच्या माणसाच्या अंगावर धावले.

मीटिंगमध्ये मी तिला विचारलं, चेकर चालवला होतास का.

"चालवला की आक्का. एकबी लाल ओळ न्हाय आलती."

मला त्याच क्षणी कळलं. सगळं कळलं — आणि तरी मी काय बोलले?

"लाल ओळ न्हाय आली म्हंजे चालवलाच न्हाईस गं."

सगळे हसले. तीही हसली, जरा उशिरा. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती खोटी ओळ काढली आणि खालचं सगळं नीट केलं. उत्तम केलं.

त्या वर्षी टीमची जबाबदारी सविताला मिळणार होती. ती दुसऱ्याला गेली. त्या दुसऱ्याचं नाव मीच सुचवलं.

ती आजही आमच्याकडे आहे. प्रत्येक बदलानंतर चेकर दोनदा चालवते आणि नोंदीखाली लिहिते, "दोनदा चालवला." नवी मुलं आली की मी तिच्याकडे बोट दाखवते. शिस्त अशी असावी, म्हणते. अभिमानाने म्हणते. ती स्क्रीनवरून मान वर करत नाही.