दोह्यातलं एक मिनिट

"मावशी, तू गप्प बसू शकतेस ना?" भाचीने फोनवर विचारलं. मी कॉलेजात मराठी शिकवते. हा प्रश्न मला सहसा कुणी तोंडावर विचारत नाही. बसू शकते, म्हणाले. "मग ये. आमच्या घरात तेवढंच कमी आहे."

अशा कारणासाठी कुणी कतारला जातं की नाही, माहीत नाही. मी गेले.

मनाली दोह्यात वाढली. आता ती अमेरिकेच्या दक्षिणेत, कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या एका जुन्या विद्यापीठात चित्रपटनिर्मिती शिकते. या वाक्यातली अमेरिका सोडून नातेवाइकांना काहीच पचत नाही. म्हणून माझी धाकटी बहीण नीता "अमेरिकेत असते" एवढंच सांगते आणि चिवड्याची बशी पुढे करते.

प्रवासाचं आधी सांगते. मुंबईहून दोहा चार तासांच्या आसपास. व्हिसाचे नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात पुन्हा पाहावेत. डिसेंबरात हवा उत्तम. तरी स्वेटर न्यावा. बाहेर लागत नाही, घरातल्या एसीसाठी लागतो.

नीताचा फ्लॅट बिन महमूदमध्ये. खाली केरळी हॉटेल, समोर दातांचा दवाखाना, मेट्रो चालत जाण्याइतकी जवळ. जेवताना नीताने नवऱ्याची, म्हणजे प्रकाशरावांची, तक्रार सांगितली. "हमद पोर्टवर सुपरवायझर आहेत. तिथे एक दिवा उगीच जळू देणार नाहीत. आणि इथे रिकाम्या खोलीचा एसी चालू ठेवतात. मी बंद करते, हे विसरून पुन्हा लावतात."

प्रकाशरावांनी भात वाढून घेतला.

मनालीची अडचण तिने मला खोलीत सांगितली, मराठीत. इंग्रजीत बोललं की मी उत्तर देत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. शेवटच्या वर्षाची फिल्म तिने वडिलांवर केली आहे. प्राध्यापक बाईंनी ती वर्गात दाखवली. तिथे पडद्याला मोठ्याने उत्तर द्यायची पद्धत आहे. पटलं तर मुलं "हो, खरंय" म्हणतात, हसतात, पडद्यावरच्या माणसाला सल्ले देतात. मनालीची फिल्म संपेपर्यंत वर्गात कुणी अवाक्षर काढलं नाही. मग बाई म्हणाल्या, "तुझे वडील फार नीट बोलतात. ते कुणाशी बोलतायत?"

वडील घरी बोलतात तसे फिल्ममध्ये बोलले नाहीत, तर बाई ती स्वीकारणार नव्हत्या. सुट्टी संपत आली होती, शनिवारी तिचं परतीचं विमान होतं.

"दुसरं विद्यापीठ नव्हतं का?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण साताऱ्याहून निघताना तीन जणांनी हेच विचारायला सांगितलं होतं.

"ज्यांना दुसरीकडे दार उघडत नव्हतं, त्यांच्यासाठी आपल्याकडे वसतिगृहं निघाली ना? तूच सांगितलं होतंस. तेव्हा तू रडली होतीस."

मी स्वेटर घातला.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मुशैरिबला गेले. मेट्रोचं तिकीट दोन रियाल. स्टेशन इतकं स्वच्छ की आपण आपोआप हळू बोलतो. वर नवं जुनं दोहा आहे. म्हणजे नव्याने बांधलेलं, जुन्यासारखं दिसणारं. सावलीच्या गल्ल्या, दगडी बाकं, पुण्याच्या दरांना लाजवणारी कॉफी. मनालीने कॅमेऱ्याची तिपाई उघडताच सुरक्षारक्षक आला. "मॅडम, परमिशन?" नव्हती. "मोबाइलवर चालेल," तो समजुतीने म्हणाला. कॅमेरा न्यायचा तर परवानगी आधीच काढा. आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवजा दुकानातून करक घेतला. वेलची घातलेला, उकळून उकळून दाट केलेला चहा. शहरातली सर्वांत चांगली गोष्ट सर्वांत स्वस्त मिळते.

बंदरात पाहुण्यांना सोडत नाहीत. महामार्गावरून दक्षिणेकडे जाताना दूरच्या क्रेन दिसल्या. गाडी प्रकाशराव चालवत होते. "ती डावीकडची दिसते? तिचा ऑपरेटर रोज शिट्टी मारतो. वर कुणाला ऐकू येणार? पण मारतो." मनालीने घाईने फोन काढला. प्रकाशरावांनी तो पाहिला, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग एव्हरीबडी. सेफ्टी इज अवर फर्स्ट प्रायॉरिटी."

तेव्हा मला कळलं. इथे मराठी घरात बोलायची. दाराबाहेर हिंदी, ऑफिसात इंग्रजी. कॅमेरा त्यांच्या दृष्टीने ऑफिसातला माणूस होता. त्याच्यासमोर मराठी बोलणं म्हणजे लुंगीवर मीटिंगला जाणं.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी मनालीने शेवटचा प्रयत्न केला. प्रकाशराव इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि कंपनीच्या प्रगतीविषयी बोलले. ती "थँक्यू, बाबा" म्हणाली. कॅमेरा पिशवीत ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

नमाजानंतर वरच्या मजल्यावरचे उस्मानभाई बिर्याणीचं पातेलं घेऊन आले. मूळचे दापोलीचे, प्रकाशरावांचे जुने मित्र. जेवणं झाली. मनाली म्हणाली, "आता फक्त खोलीचा आवाज घ्यायचाय. कॅमेरा नाही. सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसा." प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते; ती फिल्मच्या खाली अंथरली की कापलेले सांधे ऐकू येत नाहीत. बाईंचा दंडक होता, ती घेतल्याशिवाय घर सोडायचं नाही. माझं काम हेच. बाकीच्यांना गप्प ठेवायचं.

"शांततेला माइक कशाला?" उस्मानभाई.

"श्शू," मी.

"पातेलं भिजत घालू का?" नीता.

"श्शू."

तिसऱ्या वेळी जमलं. मनालीने हेडफोन लावून डोळे मिटले. एसीची घरघर, मधेच फ्रिजचा हुंकार. अर्धं मिनिट गेलं असेल.

"ही शांतता नाही गो. हा एसी आहे," प्रकाशराव म्हणाले. मी हात वर केला. मनालीने डोळे न उघडता तो खाली ओढला.

"इथे आलो तेव्हा ह्या आवाजानं झोप येत नसे. आता चिपळूणला गेलो की ह्याच्यावाचून येत नाही. थांबला की वाटतं, खोलीतून कोणीतरी उठून गेलं." त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. "ही अमेरिकेला गेली, तर हिच्या खोलीत एकदम सामसूम. म्हणून लावून ठेवतो. नीता बंद करते. मी परत लावतो."

"मला वाटायचं, विसरता," नीता म्हणाली.

"विसरलो असतो तर बरं झालं असतं."

तिने पातेलं आवाज न करता बाजूला सरकवलं.

मनालीने हेडफोन काढले. "बाबा, रेकॉर्डिंग चालू होतं. हे घेऊ का? नको म्हणालात तर आत्ता पुसते."

"कॅमेरा बंद होता ना?"

"हो."

"मग लोक बघणार काय?"

"एसी."

प्रकाशराव विचारात पडले. उस्मानभाई म्हणाले, "अरे पर्काश, तुझा एसी बघूक अमेरिका बसणार, आणखी काय पायजे तुला? नवा घे हवा तर."

"आणि माझं सेफ्टीचं?"

"तेही ठेवते. आधी ते, मग हे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग असू दे." ते उठले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मध्येच वळून एसीचं तापमान बघून आले.

साताऱ्याला परतून दोन महिने झाले. सोबत खजूर आणले होते, ते संपले. स्वेटर धुऊन ठेवला. दोह्याला काय बघितलंस, असं लोक विचारतात. मी संग्रहालय सांगते. तिथे मी गेले नव्हते, पण एसी बघितला म्हटलं तर पुढचं सगळं सांगावं लागतं.

बाईंनी फिल्म स्वीकारली. विद्यापीठाच्या सभागृहात दाखवली, त्याचं रेकॉर्डिंग मनालीने पाठवलं. सेफ्टीच्या भाषणाला हशा. मग एसी, प्रकाशरावांचा आवाज, खाली इंग्रजी अक्षरं. "कोणीतरी उठून गेलं" याच्यावर अंधारातून एक बाई म्हणाली, "हो, बाबा, हो." मग दुसरं कुणी. मग बरेच.

प्रकाशरावांनीही ते ऐकलं आणि कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचा आवाज आला, थोडा नाराज, संपूर्ण मराठीत.

"छान झालंय. पण मी बोलत असताना मधे मधे कोण बोलतंय? त्यांना सांग, एक मिनिट गप्प बसा म्हणावं."