राणेबाईंच्या वर्गातली तिवरं

मानखुर्दच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुमुद राणेबाई चिखलाचं एक ढेकूळ काडीने उकलत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "नवीन ना? बसा. यात कितीजण राहतात बघा." ही आमची पहिली ओळख. आज बाई साठ वर्षांच्या होत आहेत.

बाई मूळच्या कोकणातल्या, गिरणी कामगाराच्या कन्या. 'अधिवास', 'भक्षक', 'विघटक' हे शब्द त्या काळी आम्हा शिक्षकांनाही नवे होते. आम्ही ते फळ्यावर लिहून पाठ करून घेत असू. बाई आधी शाळेमागे खड्डा खणून त्यात पालापाचोळा पुरायला लावत आणि काही आठवड्यांनी तो मुलांकडूनच उकरवून घेत. पाल्याची माती कोण करतं, हे दिसल्यावर मुलंच विचारत, "बाई, यांना म्हणायचं काय?" तेव्हा कुठे बाई खडू हातात घेत.

एका सहामाहीला आठवीचे पेपर माझ्याकडे होते. अन्नसाखळीचं उदाहरण विचारलं होतं. पुस्तकात गवत, नाकतोडा, बेडूक, साप असं होतं. इंदू या कोळीवाड्यातल्या मुलीने लिहिलं, 'तिवराचं पान, खेकडा, निवटी, बगळा.' खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी मला ठाऊकच नव्हती. मी शून्य दिलं. रोज डोळ्यांनी पाहिलेलंच चूक ठरलं म्हणून इंदूने शाळा सोडायचं ठरवलं. तिची आई मासळीची पाटी बाहेर ठेवून आत आली आणि म्हणाली, "पोर बोलते, आता बाजारात बसन."

बाईंनी तिच्यासमोर माझी चूक काढली नाही. नंतर विचारलं, "सावंत, शनिवारी दुपारी मोकळे आहात ना? ओहोटी आहे."

त्या शनिवारी मी गुडघाभर चिखलात उभा होतो. इंदूच्या आईने तिवरांच्या मुळांशी पान ओढून नेणारा खेकडा दाखवला, मग बारक्या खेकड्यावर झडप घालणारी निवटी. पलीकडे बगळे टपून होतेच. ती म्हणाली, "तिवरां तोरली का निवट्या जातान. मंग बगला कनाला येल?"

"पाहिलंत, सावंत?" एवढंच बाई म्हणाल्या.

सोमवारी वर्गात मी माझी चूक सांगितली आणि इंदूचे गुण दुरुस्त केले. मला वाटलं होतं तितकं ते अवघड गेलं नाही. इंदू शाळेत टिकली, पुढे बी.एस्सी. झाली. बाईंनी हा प्रसंग कुणालाही सांगितला नाही; म्हणून आज मीच सांगतो आहे.

मला कावीळ झाली तेव्हा माझे तास बाईंनी घेतले. घाटकोपरला घरी येऊन, काय शिकवलं ते सांगून जात. जाताना दारामागे उसाचा रस ठेवून जात. त्यांच्याबरोबर सहलीला जाणं मात्र सोपं नाही. वाटेत एखादं वारूळ लागलं, की सगळ्यांचे डबे तसेच राहतात.

सध्या बाई या विषयातल्या शब्दांची मराठी यादी करत आहेत. प्राण्याचं घर आणि त्या घरातलं त्याचं काम, दोन्ही ज्यात येईल असा एक शब्द त्यांना हवा आहे. मी सुचवलेले चार त्यांनी नाकारले. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि माझे आणखी पुष्कळ शब्द त्यांच्या हातून खोडले जावोत.