बियाण्यासारखं नाव

नळदुर्गजवळच्या एका शाळेत उमाशंकर सरांनी एकोणीस वर्षं मराठी शिकवली. वर्गातली निम्मी पोरं घरी कानडी बोलायची, अन् मराठी धडा वाचताना जागोजागी अडखळायची. म्हणून सरांनी सुट्ट्या घालवून, खटपट करून वाचन शिकवणारं सॉफ्टवेअर बनवलं. चित्राला बोट लावलं की शब्द आधी कानडीत ऐकू यायचा, मग मराठीत, आणि एकेक अक्षर उजळत जायचं. ते ओपन सोर्स होतं; कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. या मोकळेपणाचा सरांना भारी अभिमान. त्यांनी नाव ठेवलं, ‘मुक्तांकुर प्लस’.

बायको शिवरंजनी म्हणाली, “अहो, नावावरनं काहीच कळंना. सरळ ‘वाचायला शिका’ म्हणा की.”

सर हसले. “असं कुठं नाव असतंय? दुकानाची पाटी वाटतीय.”

सातवीतली गायत्री तोंडी हिशेबात सगळ्यांच्या पुढं, पण धडा वाचायला उभं केलं की मान खाली घालायची. सरांनी तिच्या आईच्या, सिताबाईंच्या मोबाइलवर सॉफ्टवेअर घालून दिलं. “रोज वापरा बरं का,” एवढंच म्हणाले. चारच दिवसांत त्यांची बदली झाली अन् ते धाराशिवला गेले.

तीन वर्षांनी नळदुर्गच्या बाजारात सिताबाई भेटल्या.

“गायत्री कितवीला आता?”

“शाळा सोडली की आठवीतच. वाचाय लागली की पोरं हसायची. मामाच्या ढाब्यावर भाकरी करती.”

“अन् मोबाइलवर दिलं होतं ते?”

“ते व्हय? शेजारच्याला नाव वाचाय लावलं, तर बियाण्याचं हाय म्हणला. आमाला कुठं रान हाय, सर? काढून टाकलं.”

सर तिथंच उभे राहिले. पिशवीतली मेथी कधी खाली पडली, कळलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी नाव बदललं. ‘वाचायला शिका’. ज्या शाळांना दिलं होतं तिथं फोन केले. एका शाळेतल्या बाई म्हणाल्या, “अगंबाई, ते वाचनाचं होतं? नावावरनं कसलं ते कळंना, कॉम्प्युटर बिघडंल म्हणून आम्ही हातच लावला नव्हता.” हळूहळू तिथली पोरं वापरू लागली. शिवरंजनीनं नवं नाव एकदा मोठ्यानं वाचलं अन् चहा ठेवायला गेली. तेच सरांना जास्त लागलं.

एका रविवारी ते ढाब्यावर गेले. गायत्रीनं पिठाचे हात पुसले, खुर्ची दिली. सरांनी मोबाइल पुढं धरला. ती थांबत थांबत वाचू लागली, “वा... चा... यला... शिका.” तिचे डोळे चमकले.

“हे नवीन निघालंय व्हय, सर?”

जुनंच आहे, तुझ्या घरी होतं, हे सांगायचा सरांना धीर झाला नाही. त्यांनी नुसती मान हलवली. तेवढ्यात बाहेर ट्रक थांबला, मामानं हाक मारली, अन् गायत्री तव्याकडं वळली.