समुद्राची वाटणी

लढाई संपली आणि मधला दादा इटलीहून घरी आला. सोबत एक ट्रंक, मांडीवर गोळीचा व्रण आणि तीन तबकड्या. तिथल्या इस्पितळातल्या डॉक्टरनं निरोप देताना त्या दिल्या होत्या. कुणा फ्रेंच माणसानं समुद्रावर रचलेलं संगीत. गाणारा कुणी नाही, नुसती वाद्यं. पहिल्या तबकडीत समुद्रावरची पहाट, दुसरीत लाटांचा खेळ, तिसरीत वाऱ्याची आणि पाण्याची जुंपलेली. डॉक्टरनं समजावलेलं दादानं मला एकदाच सांगितलं. लढाईबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

आमच्या कुंडलच्या घरात किल्लीचा फोनो होता, थोरल्या दादानं लावण्या ऐकायला कराडहून आणलेला. मला तेव्हा नवऱ्यानं टाकून दोन वर्षं झाली होती. दुपारी पुरुष मळ्यात गेले की मी तबकडी लावायची. आधी रागच आला. ना ताल धरता येई, ना तोंडात ओळ बसे. मग हळूहळू वेड लागलं. समुद्र मी कधी पाहिला नव्हता, कृष्णेचा पूर तेवढा पाहिलेला. पण तिसरी तबकडी सुरू झाली की पोटात दाबून ठेवलेलं सगळं वर यायचं. रडून मोकळी व्हायची आणि भांडी घासायला बसायची. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

पुढच्याच वर्षी भाऊ वेगळे निघाले. गावातले पाच म्हातारे सोप्यात बसले. जमीन, बैल, गुळाची काहील, पितळेची भांडी, सगळ्याचे तीन वाटे पडले. फोनो थोरल्याकडे गेला. मग एका म्हाताऱ्यानं तबकड्या उचलल्या आणि त्याचा चेहरा खुलला.

"तीन भाऊ, तीन तबकड्या. ह्यात भांडायचं कामच न्हाई."

मी दाराआडून बाहेर आले. बायकांनी बैठकीत यायचं नसतं हे मला ठाऊक होतं.

"आवं आबा, ते येकच हाय. तोडू नगा."

"येकच हाय तर तीन तबकड्या कशाला?"

"मोठं हाय म्हणून. म्होरचं मागच्याला धरून हाय."

"आन् शब्द कुटं हायती त्यात?" दुसऱ्यानं विचारलं. सगळे हसले. मी मधल्या दादाकडे पाहिलं. वस्तू त्याची होती. एक शब्द बोलला असता तर तिन्ही तबकड्या त्याच्याच राहिल्या असत्या. तो जमिनीकडे बघत बसला.

पहाट थोरल्याला गेली, लाटा मधल्याला, वारा धाकट्याला. धाकट्याच्या बायकोनं दुसऱ्याच दिवशी वारा ताकाच्या गाडग्यावर झाकण म्हणून ठेवला. चुलीच्या धगीनं तो पार वाकडा झाला. मी बोलले तर म्हणाली, "आमच्या वाटणीचा हाय, आमी कायबी करू."

पण वाटणीच्या दिवशी म्हातारे इतक्यात उठले नव्हते. तबकड्यांनंतर एकच बाब उरली होती, मी. तीही त्यांनी तितक्याच समाधानानं निकालात काढली. चार महिने थोरल्याकडे, चार मधल्याकडे, चार धाकट्याकडे. तिघांनी माना हलवल्या. मला कुणी विचारलं नाही.

रात्र पडायच्या आत मी मधल्या दादाला घरामागच्या परड्यात गाठलं. "का बोलला न्हाईस?"

"पंचांम्होरं कसं बोलायचं?" तो म्हणाला. मग स्वतःची तबकडी पुढे केली. "ही तू घे."

मी घेतली नाही. मला तुकडा नको होता. गोळ्यांच्या पावसात जो उभा राहिला, तो पाच म्हाताऱ्यांपुढे बसून राहिला. त्याच्या घरी मी पुढे कैक वर्षं चार-चार महिने काढले, त्याला भाकरी वाढली, आजारपणं काढली. माफ मात्र केलं नाही.