मावशीच्या पायातली माणसं

माझी मावशी त्रिवेणी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. आमच्या उदगीरकडच्या लोकांत असं मानतात की पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेत भरलेली उसण निघून जाते. पायाळूला जमिनीखालचं धन दिसतं असंही म्हणतात, पण मावशीला ते कधी दिसलं नाही, नाहीतर ती गौलीगुड्यातल्या दोन खोल्यांत कशाला राहिली असती!

ती शाळेत खेळाची बाई. पन्नाशी ओलांडली तरी खो-खोच्या पोरींच्या पुढे पळायची आणि वर त्यांनाच म्हाताऱ्या म्हणायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, वेळ मिळाला नाही. रविवारी सकाळी तिच्या जिन्यावर माणसं बसलेली असत, एकेक जण कंबरेला हात लावून. मावशी दाराच्या चौकटीला धरून उजव्या पायावर उभी राहायची, डावा पाय उचलायची आणि समोर वाकलेल्या माणसाच्या कंबरेवरून वरून खाली फिरवायची. वाकडी आलेली माणसं सरळ होऊन जिना उतरायची.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्याच शहरात, सिकंदराबादला माझं लहानसं क्लिनिक आहे. मावशीच्या या प्रकाराचा मला भयंकर राग यायचा. एक तर त्यात काही अर्थ नाही असं माझं मत, आणि दुसरं म्हणजे माझे निम्मे पेशंट मला चुकवून तिच्याकडे जायचे. "योगिनीताई व्यायाम सांगतात, मावशी पाय लावून सोडून देतात," असं माझ्याच तोंडावर सांगायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका वास्तुशांतीला मावशी ताट हातात घेऊन उभ्यानं जेवली. पंगतीत जागा रिकामी होती. मी बस म्हटलं तर म्हणाली, "उभ्यानं जास्त मावतं." परतताना ऑटोत ती एका बाजूवर कलून बसली आणि खड्डा आला की माझा दंड आवळायची. मी खोदून खोदून विचारल्यावर म्हणाली, "बसायच्या जागी दुखतंय. तिथून मांडीच्या मागून घोट्यापर्यंत कळ जाते. आणि हे बघ, कुणाला सांगू नकोस. पायाळूचीच कंबर धरली म्हणून हसतील लोक."

तपासण्या केल्या. कमरेच्या मणक्यांत काहीही निघालं नाही. कुल्ल्याच्या आत, अगदी खोल, एक लहान स्नायू असतो आणि पायात जाणारी मोठी नस त्याच्या खालून जाते. मावशीनं जन्मभर दर रविवारी उजवा खुबा एका बाजूला टाकून एका पायावर उभं राहायचं आणि आठवडाभर मैदानात पळायचं. तो स्नायू आवळला होता आणि त्यानं नस चिमटीत धरली होती. मी तिला सांगितलं, पाय लावणं बंद, पळणं सध्या बंद, एका जागी फार वेळ बसायचं नाही, आणि मी सांगते ते व्यायाम रोज करायचे.

"आणि लोकांची उसण?"

"लोकांना माझ्याकडे पाठव."

"तू तर महिना महिना झुलवतेस त्यांना," ती म्हणाली.

मी तिला दुपारी क्लिनिकमध्ये बोलवायला लागले. ती टेबलावर पालथी झोपायची, तोंडासाठी टेबलाला भोक असतं त्यात तोंड घालून. पहिल्याच दिवशी मी तिच्या कुल्ल्यावर अंगठा रोवला आणि तिनं दातांतून सूं करून हवा आत ओढली. मग घोगऱ्या, जाड आवाजात म्हणाली, "हौ, तिथंच. तिथंच."

माझा हात थांबला. तो आवाज मावशीचा नव्हता. तो तिच्या खालच्या मजल्यावरच्या सूर्यभानकाकांचा होता. काकांचा जन्म रेल्वेच्या पार्सलमध्ये ओझी हलवण्यात गेला, आणि दुखलं की ते अस्संच दातांतून हवा ओढतात. मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

"ही कळ सूर्यभानची आहे," मावशी आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "जड असते त्याची. ओल्या पोत्यासारखी."

मी हसले. अंगठा थोडा बाजूला सरकवला. मावशीच्या पायाची बोटं आत वळली, एकदम मुठीसारखी. "ही दीपमालाची. गरम तार घातल्यासारखी," ती म्हणाली. दीपमाला समोरच्या गल्लीत राहते, बँकेत आहे. मी अंगठा आणखी खाली नेला, बसायचं हाड असतं तिथं, तर मावशीनं मागे हात आणून माझं मनगट पकडलं.

"तिथं नको."

"का? ती कुणाची आता?"

"नको म्हटलं ना."

शाळेतल्या पोरींना गोष्टी सांगून सांगून हिला सवय लागली आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण मन राहीना. त्या आठवड्यात जिन्यात सूर्यभानकाका भेटले तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की काका, तुमची उसण पुन्हा आली का कधी?

"नाही आली. पण एक सांगू का योगिनी, त्या जागी काही लागतच नाही आता." त्यांनी माझं बोट धरून आपल्या कंबरेवर टेकवलं. "हे बघ, तू दाबतेस, मला कळत नाही. मच्छर चावला तरी कळत नाही. ती जागा कुणी उचलून नेली काय की, असं वाटतं."

मी दीपमालाला फोन केला. "दीदी, पेन तर टोटल गेलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण तिथं ना, हात लावला की दुसऱ्या कुणाला हात लावल्यासारखं होतं. मी मग लावतच नाही."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ क्लिनिकचे सगळे दिवे लावून बसले होते. बाहेर भर दुपार होती.

मावशीचा पाय मात्र बिघडत चालला. एकदा ती शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत आली तेव्हा तिच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. कधी निसटली ते तिला कळलं नव्हतं. तापलेल्या डांबरावरून ती तशीच चालत आली होती आणि तळव्याला फोड आले होते. बोटं वर उचल म्हटलं तर नीट उचलेनात. मी तिला नसांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते स्पष्टच बोलले. हे असंच चाललं तर पाऊल लुळं पडेल, पळणं सोडाच, चालताना पाय फरपटत न्यावा लागेल.

आणि पुढच्या रविवारी मी गेले तर मावशी चौकट धरून उजव्या पायावर उभी! मी सगळ्यांसमोर तिला वाट्टेल ते बोलले. माणसं खाली मान घालून जिना उतरून गेली. मावशी खुर्चीच्या कडेला टेकली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मी बंद करीन गं. पण आत आलेत ते कुठं जातील?"

माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून जास्तच राग आला. "मग ज्याची त्याला परत कर," मी ओरडले.

बोलले ते रागानं, पण तेच करायला घेतलं. माझा हिशेब साधा होता, लोकांच्या मेलेल्या जागा व्यायामानं जाग्या झाल्या तर ज्याची त्याची कळ तिकडे परत जाईल. मावशीचा पाय ज्यांना ज्यांना लागला होता त्या माणसांना मी रविवारी मावशीच्या घरावरच्या गच्चीवर बोलावलं. सतरंज्या टाकल्या. पाठीवर झोपायचं, एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, मांडी छातीकडे ओढायची. मग पाय टेकवून कंबर उचलायची, सावकाश खाली आणायची. लोक कुरकुरले. "पाय लावून सोडा की बाई, कायकू परेशान करायलेत," असं एक जण म्हणालाच. मावशीसुद्धा कठड्याजवळ आपल्या सतरंजीवर हेच करत होती. आठवडे गेले आणि काही झालं नाही. मला स्वतःचंच हसू यायला लागलं.

मग एका रविवारी मांडी ओढता ओढता सूर्यभानकाका किंचाळले. "लागतंय! लागायलंय की!" त्यांच्या कंबरेत बारीकशी कळ आली होती आणि ते लहान मुलासारखे खूश झाले होते. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला मावशी डोळे मिटून पडली होती. तिला इतक्या लांबून काकांची कंबर दिसणं शक्य नव्हतं. ती म्हणाली, "सूर्यभान गेला." सगळ्यांनी घाबरून काकांकडे माना वळवल्या. मग काका स्वतःच उठून बसले आणि म्हणाले, "मी हाय की इथंच."

त्यांची ती बारीक कळ पुढे व्यायामानं गेली, रीतसर, माझ्या पुस्तकात लिहिलं आहे तशी. दीपमालाची जागा जागी झाली त्या सकाळी मावशीच्या पायाची वळलेली बोटं सरळ झाली. असे एकेक करून सगळे गेले. मी दर आठवड्याला अंगठ्यानं चाचपायची आणि मागच्या खेपेला जिथं कुणीतरी कण्हत होतं तिथं नुसता मऊ स्नायू लागायचा. खरं सांगते, बरं वाटण्यापेक्षा मला भीतीच जास्त वाटायची.

थंडी पडेपर्यंत मावशीला बोटं वर उचलता यायला लागली. चप्पल पायात राहायला लागली. ती पोरींबरोबर मैदानाच्या कडेकडेनं हळू धावायलाही लागली. फक्त संध्याकाळी उजवं पाऊल थोडं घासायचं, कारण बसायच्या हाडाजवळची ती एक गाठ तशीच होती. व्यायाम तिथपर्यंत पोचत नव्हता.

"ही मला दाबूनच सोडवावी लागेल," मी म्हटलं. "नाहीतर कुणाची आहे ते सांग, त्यालाही गच्चीवर बोलावते."

"ती यायची नाही," मावशी टेबलाच्या भोकातून म्हणाली. या वेळी तिनं माझं मनगट धरलं नाही.

मी अंगठा ठेवला आणि अंगाचा भार दिला. मावशी हसली. बारीक, नाकात अडकलेलं, शेवटी गिळून टाकलेलं हसू.

माझी आई दुखलं की हसायची. तव्याचा चटका बसला तरी हसायची. शेवटच्या आजारपणात आम्ही तिला कुशीवर वळवायचो तेव्हा ती अशीच, अगदी अशीच हसायची. आईला जाऊन पाच वर्षं झाली. मला मावशीचं तोंड दिसत नव्हतं, नुसती पाठ दिसत होती, आणि दोघी बहिणींची पाठ सारखीच होती.

"भामाताईची आहे ती," मावशी म्हणाली. "तू औषधं आणायला खाली गेलीस की मी तिला पाय लावायची. मग तिला झोप लागायची." थोड्या वेळानं म्हणाली, "तू लेक आहेस. तू काढलीस तर निघेल. काढ."

मी अंगठा पुन्हा टेकवला. ती पुन्हा हसली. मी दाब धरून ठेवला. अशी गाठ हळूहळू हार मानते, बोटाखाली लोण्यासारखी व्हायला लागते, आणि तेव्हाच नेट लावून थांबायचं असतं. मी हे शेकडो लोकांना केलं आहे. ती सैल व्हायला लागली. ते हसूही बारीक बारीक होत चाललं.

मी अंगठा उचलला.

"झालं?" मावशीनं विचारलं.

"पुढच्या आठवड्यात," मी म्हणाले.

ती आता दर आठवड्याला येते. संध्याकाळी चालताना तिचा पाय अजून घासतो. तो बरा करणं माझ्या हातात आहे, आणि मी दर वेळी अंगठा थोडा आधीच उचलते.