तपासले, काही आढळले नाही
स्पिरिटचा वास आला की गोवंडीजवळचा आमचा मोफत दवाखाना आठवतो. कोणालाही परत पाठवायचं नाही, हा तिथला नियम. रांग दुपारी एकच्या आत संपवायची, हा माझा. एकदा एक बाई छाती चोळणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली. मी मान वर न करता ॲसिडिटीच्या गोळ्या लिहिल्या. "डॉक्टर, एकदा हात लावून तरी बघा ना," ती म्हणाली. "सगळ्यांना बघायचंय मला. तुझ्या एकटीच्या नवऱ्यासाठी दवाखाना नाही उघडला," मी म्हणालो. रांगेतले हसले. थोड्या वेळाने तो बाहेरच्या बाकावर बसल्या जागीच मेला. ती त्याला हलवत असताना मी त्याचा केसपेपर मागवला आणि त्यावर लिहिलं, 'तपासले, काही आढळले नाही.' आज, म्हातारपणी, खरं लिहितो : मी त्याला तपासलंच नव्हतं.