आधी प्रश्न, मग रिपोर्ट

आज माझ्याकडे शिकायला आलेली नवी डॉक्टर केसांत सोनचाफा माळून आली आणि मुलुंडची ती ओपीडी नाकात शिरली.

तेव्हा मीही कॅन्सरच्या नव्या औषधाच्या चाचणीत शिकाऊ होते. सावंतकाकूंवर ते औषध चालू होतं. केस गेलेले, म्हणून त्यांनी डोक्याच्या रुमालालाच चाफा खोचला होता. गाठ वाढल्याचं मी स्कॅनमध्ये पाहिलं होतं. पण मला शिकवणाऱ्या मॅडमचा नियम पक्का होता, "आधी प्रश्न, मग रिपोर्ट. बातमी कळली की उत्तरं बिघडतात."

मी चाचणीचा प्रश्नांचा फॉर्म उघडून हसून विचारलं, "काकू, झोप लागते? पुढची काळजी वाटते?"

"झोप झ्याक लागता गो! काळजी कसली? मे म्हयन्यात गावाक जातलंय."

ते लिहून घेतलं आणि मग रिपोर्ट सांगितला. खोलीत नुसता चाफा दरवळत राहिला.

काकू फॉर्मकडे बोट दाखवत म्हणाल्या, "बाये, मगाशी सांगितलंय ता खोड गो."

"खोडता येत नाही, काकू."

बाहेर मॅडमनी माझी पाठ थोपटली. "झकास! डेटा एकदम क्लीन."

आज ही पोरगी तिच्या पेशंटचा स्कॅन बघून रडवेली झाली. "मॅम, त्यांना आधी सांगून टाकूया ना?"

"आधी प्रश्न," मी म्हटलं. "ते फूल काढ, आणि आत हसत जा."